अकरा तालुक्यांचा कोबी

बीडला बदली होऊन आलो त्या पहिल्याच दुपारी मी घरमालकांच्या कोबीचं औषध प्यालो.

यात माझा दोष फारसा नव्हता, असं मी आमच्या घरच्या प्रत्येक लग्नकार्यात सांगतो आणि कुणालाच ते पटत नाही. टेम्पोतून सामान उतरवून घसा कोरडा पडला होता. मालकीण काकूंनी आतून आवाज दिला, "वसरीवर ताक ठिवलंय बगा, घ्या." ओसरीवर दोन भांडी होती. एक स्टीलचा तांब्या आणि एक मातीचं गाडगं, दोन्ही झाकलेली. मी शहाणा माणूस. विचार केला, गाडग्यातलं ताक जास्त थंड असणार. गाडगं उचललं, तोंडाला लावलं आणि दमदार घोट घेतला.

ते ताकच होतं. पण ते गणपतीच्या सुमाराचं ताक होतं आणि आता दिवाळी तोंडावर आली होती. शिवाय त्यात तांब्याची तार बुडवून ठेवलेली होती, ती माझ्या मिशीत अडकली.

मी तोंड धरून अंगणाकडे धावलो, तर समोरून एक उंच, सडसडीत, खाकी शर्टातला माणूस दोन्ही हात पसरून पळत आला. मला वाटलं, मला सावरायला येतोय. तो माझ्या बाजूने निघून गाडग्याकडे गेला आणि आत डोकावला.

"किती प्यालात?"

"एकच घोट."

"ल्हान का मोठा?"

"मोठा."

त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी पाटोदा आन् शिरूरची फवारणी गेली की वो, पाव्हणं!"

मला काही कळेना. तोंड भरलेलंच होतं. त्यांनी माझा दंड धरला, अंगणातल्या वाफ्यापाशी नेलं आणि म्हणाले, "थुकायचंच हाय तर हितं थुका, बुडाला. वाया कावून घालवता?"

हे आमचे घरमालक. पुढं मी त्यांच्याकडे काही वर्षं राहिलो, पण त्यांनी मला शेवटपर्यंत 'पाव्हणं'च म्हटलं. मी त्यांना 'मालक' म्हणायचो. माझी बायको त्यांना काका म्हणायची. कोबी त्यांना काय म्हणायचा ते माहीत नाही, पण ऐकायचा मात्र नक्की.

मालकांची सगळी नोकरी बसमधे कंडक्टर म्हणून गेली. शेवटची काही वर्षं त्यांना स्टँडावर गाड्या पुकारायला बसवलं होतं. माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नाही. सकाळी ते तिकीट टोचायचा जुना चिमटा टिकटिकवत अंगणात उतरायचे. म्हणायचे, कोबीला आधी कळवावं लागतं की आपण आलोत. शेवग्याच्या फांदीला एक घंटा आणि तिला दोरी बांधलेली होती. पाणी घालून झालं की डबल बेल. मग सगळी गल्ली उठायची. आमच्या शेजारी कुणाच्याच घरात गजराचं घड्याळ नव्हतं.

कोबीच का, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीच्या काळात एकदा गाडीत एक शेतकरी कोबीची पोती घेऊन चढला. मालकांनी गंमतीनं म्हटलं, एक गड्डा द्या की घरी न्यायला. तो माणूस कानाशी वाकून म्हणाला, "मास्तर, तुमी चांगलं मानूस हाव. ह्यातलं नका खाऊ. परवाच फवारलंय."

"त्या दिशी ठरिवलं," मालक म्हणाले, "रिटायर झालो की एक तरी गड्डा असा काढायचा, ज्येच्यावर दुकानातलं कायबी पडलेलं न्हाई. आन् त्यो बायकोच्या हातात द्यायचा."

दोन हिवाळे त्यांनी घालवले होते. पहिल्या वर्षी नुसती पानं आली, गड्डा धरलाच नाही. दुसऱ्या वर्षी मावा नावाची बारीक कीड पडली आणि कोबी करपल्यासारखा झाला. आता तिसरं वर्ष होतं आणि अंगणात अकरा रोपं होती. अकराच का? तर बीड जिल्ह्यात तालुके अकरा. गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, केज आणि खुद्द बीड. प्रत्येक रोपापाशी एक काडी, काडीला नाव. केज मधोमध, ऊन येणाऱ्या जागी. मालक मूळचे केजचे. आष्टी पार कोपऱ्यात, शेवग्याखाली.

माझ्या बायकोचं माहेर आष्टी. तिने पहिल्याच दिवशी ती काडी पाहिली आणि कंबरेवर हात ठेवले.

"काका, आष्टी सावलीत का?"

"कडंचाच तालुका हाय न् तो, ताई. नकाशात बगा."

"आणि केज मधे आहे का नकाशात?"

"केज... केज मोक्याचं हाय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जालन्याचा, माझा जिल्हाच वेगळा. मालक मला म्हणाले होते, "तुमाला सीट न्हाई पाव्हणं, तुमी हुभ्यानं प्रवास करा." त्यामुळे मी गप्प उभा राहिलो.

कोबीच्या भोवती मोहरीचं कुंपण होतं. फुलपाखरं कोबीवर अंडी घालायच्या आधी मोहरीवर भुलतात, असा त्यात हिशेब. तरी अळ्या यायच्याच. त्या पानाखाली सापडल्या की मालक एकेक उचलून ॲल्युमिनियमच्या जुन्या तिकीटपेटीत ठेवायचे आणि मोहरीपर्यंत नेऊन सोडायचे. मी म्हटलं, सरळ चिरडून का टाकत नाही? ते दुखावले. "बिनतिकीट प्रवाशाला खाली उतरवत्यात. मारीत न्हाईत." आणि पेटी हातात धरून मोहरीकडे निघाले, "चला, मोहरी, मोहरी, मोहरी! मागची पुढं या!"

पण त्यांचा खरा मंत्र वेगळा होता. कोबीचं पान नुसतं वाढून उपयोग नाही. आतली पानं आत वळली पाहिजेत, एकमेकांना घट्ट धरून बसली पाहिजेत, तरच गड्डा होतो. मालक केजसमोर उकिडवे बसायचे आणि ज्या आवाजात त्यांनी सगळ्या मराठवाड्याला गाडीत कोंबलं होतं त्याच आवाजात ओरडायचे, "आत सरका! आत सरका! दारात गर्दी करू नका! आत जागा हाय!"

हे रोज सकाळी. महिनाभराने मला त्याची इतकी सवय झाली की एकदा ऑफिसात मिटिंगला साहेब दारातच उभे राहिले, तेव्हा मी त्यांना... जाऊ दे. साहेब आत सरकले, एवढं खरं.

या सगळ्यावर काकूंचं मत काय? काकूंना अंगणात फरशी हवी होती. शहाबादी. पापड वाळवायला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या चपला चिखलात न जायला, आणि मुख्य म्हणजे घरातलं बेसन घरात राहायला. कारण मालक शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन ड्रममधे कालवून जीवामृत करायचे आणि दर वेळी काकूंच्या डब्यातलं बेसन कमी व्हायचं. "माझ्या लाडवाला हरभऱ्याची डाळ दळून आणली," काकू म्हणायच्या, "आन् लाडू खाल्ले परळीनं."

पाडव्याच्या संध्याकाळी काकूंनी डाव टाकला. आम्हालाही फराळाला बोलावलं होतं. मालक पाटावर बसलेले, कपाळाला कुंकू, काकूंच्या हातात ताट. ओवाळून झालं. मालकांनी पिशवीतून साडी काढली. काकूंनी ती बघितलीच नाही.

"मला ओवाळणीत फरशी पायजे."

ताटातला दिवा फडफडत होता. ओवाळणाऱ्या बायकोला पाडव्याला नाही म्हणायचं नसतं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

"संक्रांतीपर्यंत थांब," मालक शेवटी म्हणाले. "गड्डा आला न्हाई तर मी सवता अंगण उकरून दीन."

"कसला गड्डा? लिंबाएवढा?"

"तू सांग."

काकूंनी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. "ही भरली पायजे. आन् आंगठ्यानं दाबला तर दबला न्हाई पायजे. असा एकच गड्डा दावा. मग मी फरशीचं नाव काढणार न्हाई."

दुसऱ्याच दिवशी फरशा आल्या. काकूंनी त्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, अगदी कोबीच्या समोर. कोबीला दिसाव्यात म्हणून.

मग तालुके पडायला लागले. वडवणी शेळीने खाल्ली. धारूर उंदराने बुडातून कातरलं. परळी वाळून गेली. काकूंचं बेसन खाऊनही गेली. शिरूर खुद्द मालकांच्याच पायाखाली आलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. खुद्द बीड चांगलं होतं, पण त्याने गड्डा धरायच्या ऐवजी चार बाजूंना चार कोंब काढले. मालक म्हणाले, "शहराचं असंच हाय, कसंबी वाढतंय."

मधे पुन्हा मावा आला आणि गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, पाटोदा घेऊन गेला. उरलं केज, आणि कोपऱ्यातली आष्टी. पिवळ्या रंगाकडे मावा खेचला जातो, म्हणून पिवळ्या पत्र्याला एरंडेल तेल फासून बागेत टांगतात. मालकांनी विचार केला, टांगलेला पत्रा एका जागी राहतो. आपण फिरू शकतो. त्यांनी हळदीत शर्ट रंगवला, त्याला पुढून मागून एरंडेल चोपडलं आणि रोज सकाळी तो घालून कोबीत येरझारा घालायला लागले. मावा खरंच चिकटायचा. दुपारपर्यंत त्यांचा शर्ट तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीसारखा दिसायचा.

नेमके अशाच एका दुपारी त्यांचे व्याही आले. व्याह्यांचं गावाकडे खत-औषधाचं दुकान. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. व्याही भेटले की गळाभेट घ्यायची, ही रीत. मालक "आवं, या या!" म्हणत पुढे झाले. काकू आतून ओरडल्या, "थांबा!" पण दोघंही मानाचे, मागे कोण सरणार? भेट झाली. चांगली घट्ट झाली. मग सुटेना. सुटली तेव्हा व्याह्यांच्या छातीवर अर्धा मावा होता.

व्याही तेलकट बोटांनी छाती पुसत म्हणाले, "सोयरे, मी पिशवीत एक बाटली आणलीय. एवढं एक बूच मारा. कुनाला कळायचं बी न्हाई."

"मला कळंल की," मालक म्हणाले.

"मंग बसा फरशीवर!"

"बसंन. पन बूच न्हाई मारायचं."

व्याही गेले. मालकांनी त्या उभ्या फरशांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाव्हणं, हे वावर न्हाई, मला ठावं हाय. आंगण हाय. पन जल्मभर दुसऱ्याला जागा करून दिली. सवताची हीच एक." आणि लगेच केजकडे वळून, "काय बगतो बे? आत सरक!"

आणि केज सरकलं. पौष लागता लागता त्याची आतली पानं वळली, बसली, घट्ट झाली. गड्डा मुठीएवढा झाला, मग नारळाएवढा, मग नारळापेक्षा मोठा. गल्लीतले लोक कामावर जाताना केज बघून जायला लागले. मीही ऑफिसातून आल्यावर आधी केजला भेटायचो, मग घरात. माझी बायको मात्र केजकडे बघायची नाही. ती कोपऱ्यात जाऊन आष्टीची बाहेरची पानं उलटीपालटी करायची. भोकं पडलेली, लोंबती पानं. दया येईल असं ते झाड.

त्याच आठवड्यात एकदा ती मला चहा देता देता म्हणाली, "काकांना सांगा, आता पाणी तोडा म्हणावं. आमच्याकडे गड्डा भरला की पाणी तोडतात." तिच्या माहेरी कोबीचं शेतच होतं.

मी मोबाईलमधे बघत म्हटलं, "हं."

भोगीच्या आदल्या दिवशी नळ आला. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याला वाटलं तर. त्या दिवशी तो असा आला की बादल्या, घागरी, कुकर, सगळं भरून उतू चाललं.

भोगीच्या सकाळी ना टिकटिक झाली, ना घंटा. एकच आरोळी आली.

"केज फुटलं!"

आम्ही धावलो. केजचा तो टंच गड्डा वरपासून खालपर्यंत उभा उलला होता. आतली फिकट पानं बाहेर डोकावत होती. मालक वाफ्यात गुडघ्यावर बसले होते. वाफ्यात गुडघे रुतत होते, इतका चिखल.

"मी तर दोनच बादल्या घातल्या," ते पुटपुटले. "उद्या संक्रांत, म्हणलं जरा फुगंल आनखी. पन दोन बादल्यांनी एवढा चिखल व्हईल का?"

मी खाकरलो. "मालक, मी पण एक बादली ओतली. संध्याकाळी. तुम्ही देवळात गेला होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या बायकोने मान खाली घातली. "काका, मी पण घातलं."

अजूनही हिशेब लागेना. एवढं पाणी? मालकांनी सावकाश मान वळवली. दारात काकू उभ्या होत्या, हातात भोगीच्या भाजीची पळी.

"तू न्हाईस न्?"

काकूंनी पळी या हातातून त्या हातात घेतली.

"अगं, तू?"

"दोन घागरी," काकू पळीकडे बघत म्हणाल्या. "रोज पहाटं घसा फोडून घेता त्येच्यापायी. मला वाटलं, भरू दे म्हाताऱ्याच्या गड्ड्यानं वंजळ एकदाची."

"आन् फरशी?"

"फरशी पळून जाती का कुठं?"

मालक त्या फुटक्या केजवर हात ठेवून म्हणाले, "बीड जिल्ह्यात पानी जास्त झालं म्हणून गेलेला ह्यो पहिलाच तालुका."

सगळ्यात आधी काकू हसल्या. मग आम्ही सगळेच इतके हसलो की शेजारी विचारायला आले, कोण गेलं.

पण हसून झाल्यावर काकू म्हणाल्या, "तरीबी नियम म्हंजी नियम. फुटका गड्डा धरायचा न्हाई."

मालक उठले. गुडघ्याचा चिखल झटकला. "बराबर हाय. थांबा न्हाई तिथं गाडी थांबत न्हाई." आणि सरळ भिंतीशी जाऊन पहिली फरशी उचलायला वाकले.

"काका," माझी बायको म्हणाली, "आष्टी बघितली का?"

"आष्टीचं काय बगायचं, ताई?"

ती कोपऱ्यात गेली. भोकं पडलेली बाहेरची पानं तिने एकेक करून मोडून टाकली. खालून एक गड्डा निघाला. केजएवढा नाही, पण गोल, गच्च, आणि असा चकचकीत की आताच कुणी पुसून ठेवलाय. एकाही पानाला छिद्र नाही. बाहेरच्या पानांनी सगळ्या अळ्या स्वतःवर घेतल्या होत्या.

मालकांनी विळ्याने तो कापला. काकूंनी पळी माझ्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि ओंजळ पुढे केली. आष्टी तिच्यात बसली. नेमकी बसली. काकूंनी अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं, जोर लावून. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "न्हाई दबत."

मालक शेवग्यापाशी गेले आणि दोरी ओढली. डबल बेल.

संक्रांतीला काकूंचं हळदीकुंकू मातीच्याच अंगणात झालं. केजची फुटकी पानं सुटी करून, धुऊन, पुसून त्यांनी एकेका पानावर तिळगूळ आणि बोरं घालून बायकांच्या हातात दिली. आष्टी पाटावर मांडली होती, हळदकुंकू लावून. येणारी प्रत्येक बाई ती अंगठ्याने दाबून बघायची. फरशा बसल्याच, पण पुढल्या आठवड्यात, आणि वाफ्यांच्या मधून एकेरी. काकूंना पाणी घालायला जाताना पाय भरू नयेत म्हणून. मालकांनी स्वतः बसवल्या, वाकड्या.

आता आम्ही बीडमधेच स्वतःच्या घरात राहतो. दर संक्रांतीला मालक कोबी घेऊन येतात आणि फाटकातूनच ओरडतात, "पाव्हणं, आत सरका, मला यिऊ द्या!"

पण त्या पहिल्या संक्रांतीच्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. काकूंनी केजच्या गाभ्याची भाजी वाटीभर दिली होती. मी हळवा झालो होतो. म्हटलं, बिचारं केज. सगळ्यांनी किती मायेने पाणी घातलं त्याला. तूसुद्धा. आष्टीची असून.

बायको भाकरी वाढता वाढता थांबली.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, भरल्या गड्ड्याचं पाणी तोडतात म्हणून?"

"कधी?"

"चहाच्या वेळी. तुम्ही 'हं' म्हणालात."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मग तू... केजला किती घातलंस?"

"तीन बादल्या."

"आणि आष्टीला?"

"एक थेंब नाही," ती म्हणाली. "भाजी घ्या अजून. केज चांगलं लागतंय."